सातवे आसन : जीपच्या बाकापासून घरच्या गाडीच्या तिसऱ्या रांगेपर्यंत

१/ एकाच कारखान्यातून, एकाच साच्यातून दोन गाड्या बाहेर पडतात. एकीत चालकासह सात आसने, दुसरीत आठ. रंग एक, इंजिन एक, लांबी एक. तरी आरटीओच्या दप्तरात पहिलीची नोंद 'मोटार कार' अशी होते आणि दुसरीची 'ओम्नी बस' अशी. एका आसनाने घरची गाडी कायद्याच्या भाषेत बस होते. या एका आसनामागे जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्यांत 'सहा' हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. चालक वगळून सहापर्यंत प्रवासी भाड्याने नेणारी ती मोटार कॅब. सहापेक्षा अधिक, पण बारापर्यंत नेणारी ती मॅक्सी कॅब. चालक सोडून सहापेक्षा अधिक माणसांसाठी बांधलेले वाहन ते ओम्नी बस.

३/ सहा प्रवासी आणि एक चालक मिळून सात. म्हणजे 'सेव्हन सीटर' हा आकडा कुटुंबाच्या आकारावरून ठरला, असे दिसत असले तरी तो मुळात मोटार आणि बस यांच्यामधल्या सीमेवरचा शेवटचा दगड आहे. भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील कौटुंबिक गाडी या सीमेच्या दोन्ही बाजूंनी ये-जा करत घडली. तिचा जन्म घरासाठी झालाच नव्हता.

४/ प्रारंभ अमेरिकेत. १९३५ साली शेव्हरोलेने 'सबर्बन कॅरीऑल' बाजारात आणली. हलक्या ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेले पोलादी शरीर आणि आत आठ माणसांची सोय. 'सगळे वाहून नेणारी' हा तिच्या नावाचाच अर्थ. माल वाहणाऱ्या सांगाड्यावर माणसे बसवण्याची ही कल्पना पुढे जगभर गेली. आजही अनेक मोठ्या गाड्यांच्या खाली तोच ट्रकचा सांगाडा असतो. गॅरेजमध्ये त्याला 'चासी' म्हणतात.

५/ दुसरा धागा युद्धाचा. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने टेहळणीसाठी एक हलकी, चारही चाकांना ताकद पोहोचवणारी गाडी मागवली. बँटम या छोट्या कंपनीने पहिला नमुना त्याच वर्षी सप्टेंबरात सादर केला. मोठे उत्पादन मात्र विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेले. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. युद्ध संपताच प्रश्न उभा राहिला, की आता या गाडीचे करायचे काय?

६/ विलिसने १९४६ मध्ये जीपच्याच यंत्रणेवर पूर्ण पोलादी शरीराची 'स्टेशन वॅगन' आणली. तिचा आराखडा ब्रूक्स स्टीव्हन्स यांचा. १९४९ मध्ये तिला चारचाकी ताकदही मिळाली. अमेरिकेत सैनिकी गाडी अशा रीतीने थेट घराच्या अंगणात आली. भारतात मात्र तिला अंगणापर्यंत पोहोचायला आणखी चार दशके लागली. मधल्या काळात ती सरकारच्या आणि रस्त्याच्या सेवेत राहिली.

७/ भारतातील कथा मुंबईची. २ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन केली. व्यवसाय पोलादाचा. दोन वर्षांत देशाची फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. आद्याक्षरे मात्र तीच राहिली.

८/ याच कंपनीने विलिसच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत गाड्या जोडण्यास सुरुवात केली. स्वतंत्र भारताला अशा गाडीची नितांत गरज होती. धरणांची पाहणी, जमीन मोजणी, वनखाते, पोलीस, निवडणुकीचा प्रचार, जिथे डांबर संपत असे तिथून पुढे जीप जात असे. खेड्यात 'जीप आली' याचा अर्थ बहुधा 'साहेब आले' असाच होता.

९/ या जीपच्या मागील भागाकडे लक्ष द्यायला हवे. तिथे पुढे तोंड केलेली आसने नव्हती. चाकांवरच्या उंचवट्याला लागून दोन आडवे बाक, समोरासमोर. बसणाऱ्यांचे गुडघे एकमेकांना लागत. ही रचना शिपाई, हवालदार आणि सामान यांच्यासाठी होती. पटकन चढावे, पटकन उतरावे, मध्ये पेट्या ठेवाव्यात. पुढे लाखो मराठी मुलांचे बालपण ज्या बाकावर गेले, त्याचा उगम हा असा सैनिकी आहे.

१०/ त्या काळी कुटुंबे कशातून जात? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट आणि बंगालमधील उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसेडर, मध्यमवर्गाच्या नजरेतल्या गाड्या मुख्यतः या दोनच. परवाना-राज्यात उत्पादन मर्यादित, त्यामुळे नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहायची. फियाटचा गिअर सुकाणूच्या दांड्यावर आणि पुढचे आसन सलग. म्हणून पुढे तिघे बसत. मागे चौघे. शिवाय मांडीवरची मुले वेगळी, ती मोजण्याची पद्धतच नव्हती.

११/ मोजणीची ही सवय महत्त्वाची आहे. गाडीत किती जण 'बसतात' हा प्रश्न आसनांचा नसून नात्यांचा होता. आत्याला मागे ठेवून लग्नाला जाता येत नसे. कुटुंब मोठे आणि गाडी लहान, हे गणित 'सरकून घ्या' या दोन शब्दांनी सुटत असे. मोठ्या गाडीची गरज होती, पण ती पेट्रोलवर चालवणे परवडणारे नव्हते.

१२/ उत्तर शेतातून आले. महिंद्रने १९६३ मध्ये अमेरिकी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत ट्रॅक्टर उत्पादनात पाऊल ठेवले होते. त्या ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाचे रूप पुढे जीपमध्ये बसले. ऐंशीच्या दशकात फ्रेंच प्यूजोचे डिझेल इंजिनही आले. डिझेलचे दर सरकार ठरवत असे आणि ते पेट्रोलपेक्षा बरेच कमी होते. मोठी गाडी सामान्यांच्या आवाक्यात आणण्याचे काम आधी या दरफरकाने केले.

१३/ दुसरा हात पुण्याचा. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने 'मॅटॅडोर' रस्त्यावर आणली आणि ती इतकी रुळली, की तशा आकाराच्या कुठल्याही गाडीला लोक 'मॅटॅडोर'च म्हणू लागले. ऐंशीच्या दशकात याच कंपनीची 'ट्रॅक्स' आली. लांब, चौकोनी, मागे समोरासमोर बाक. ट्रॅक्स आणि लांब जीप, या दोघींनी ग्रामीण महाराष्ट्राचा प्रवास बदलला.

१४/ एस. टी.ची पहिली बस १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे धावली. पुढील दशकांत लाल गाडी गावोगावी पोहोचली, पण फेऱ्या मोजक्या. सकाळची गाडी चुकली तर बाजार चुकला, दवाखाना चुकला. ही पोकळी जीपने भरली. पश्चिम महाराष्ट्रात तिला 'वडाप' म्हणतात. अन्यत्र परवानाधारक गाड्या 'काळी-पिवळी' म्हणून ओळखल्या जातात.

१५/ वडापला वेळापत्रक नसते. गाडी भरली की निघते, आणि 'भरली' म्हणजे किती हे चालक ठरवतो. कायद्याने टप्प्याटप्प्याने स्वतंत्र भाडे घेऊन प्रवासी चढवणे-उतरवणे यासाठी वेगळा परवाना लागतो, पूर्ण गाडी भाड्याने देण्यासाठी वेगळा. एस. टी. आणि वडाप यांचा जुना संघर्ष या दोन परवान्यांमधला आहे. प्रवाशाला मात्र घरी पोहोचण्याशी मतलब होता.

१६/ या दशकांत एक धडा पक्का झाला. मागचा बाक लवचिक असतो. आसनाला सीमा असते, बाकाला नसते. दोघांच्या बाकावर तिघे, तिघांच्या जागी चौघे. कंपन्यांनाही ते कळले होते. म्हणून नव्वदच्या दशकात महिंद्रची कमांडर, मार्शल, अरमाडा अशी पिढी आली, तेव्हा अंगावर पत्रा चढला, खिडक्यांना काचा लागल्या, पण मागचा बाक बहुधा तसाच राहिला.

१७/ मग आली पुण्याची सुमो. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, ही ट्रकची कंपनी. तिने १९९१ मध्ये सिएरा, त्यानंतर इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो आणली. सुमारे दोन लिटरचे डिझेल इंजिन, मागच्या चाकांना ताकद, चालकासह दहा जणांपर्यंत सोय, मागे समोरासमोर बाक. रूप सैनिकी गाडीचे, किंमत मध्यमवर्गाला विचार करता येईल अशी.

१८/ नावाबद्दल अनेकांना जपानी पैलवान आठवतात. प्रत्यक्षात ते सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावातील पहिल्या अक्षरांपासून बनले आहे. १९०६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या मुळगावकरांनी टेल्को उभी केली, पुण्याचा कारखाना घडवला. ढाब्यावर ट्रकचालकांसोबत जेवून त्यांनी गाड्या सुधारल्याची कथा फिरते, ती आख्यायिका म्हणूनच वाचावी. सुमो त्यांनी पाहिली नाही. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

१९/ तीन वर्षांत सुमोची विक्री एक लाखाच्या पुढे गेली. पोलीस, रुग्णवाहिका, टॅक्सी आणि पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर एकत्र कुटुंबे. भाड्याची सुमो आणि अष्टविनायक हे समीकरण याच काळात जुळले. दोन दिवस, आठ गणपती, एक चालक आणि अख्खे घर. शिर्डी, पंढरपूर, कोल्हापूरची अंबाबाई, गणपतीत कोकण. पूर्वी पायी किंवा एस. टी.ने तुकड्यातुकड्यांनी घडणारी यात्रा एका छताखाली घडू लागली.

२०/ या छताखाली घराची उतरंडही बसत असे. पुढे चालकाशेजारी आजोबा किंवा कर्ता पुरुष. मधल्या रांगेत आजी, मोठ्या बायका, पाहुणे. आणि मागच्या बाकावर मुले, धाकटी सून, डबे, पाण्याची कॅन आणि घाटात ओकारी होणारा एखादा जीव. मागचा बाक गमतीचा होता, गाण्याच्या भेंड्यांचा होता. तो गाडीतील सर्वांत कमी सुरक्षित भागही होता, हे फारसे कोणी बोलत नसे.

२१/ कायदाही बोलत नव्हता. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ सुरक्षा-पट्ट्याचे बंधन घालतो ते चालकावर, पुढच्या आसनावरील व्यक्तीवर आणि 'पुढे तोंड असलेल्या' मागील आसनांवरील प्रवाशांवर. आडव्या बाकावर बसलेला या वाक्यात येतच नाही. सैनिकी जीपमधून आलेली ती रचना नियमाच्या भाषेतून अशी निसटली, आणि तिच्यावर बसलेले मूलही तिच्याबरोबर निसटले.

२२/ धोका समजायला भौतिकशास्त्राचा एक परिच्छेद पुरतो. समोरून टक्कर झाली की गाडी थांबते, माणूस जुन्याच वेगाने पुढे जात राहतो. पुढे तोंड करून बसलेल्याला पट्टा छाती आणि कमरेतून धरतो. आडवा बसलेला मात्र कुशीवर फेकला जातो. मान, बरगड्या आणि शेजारी यांवर सारा भार येतो. मागून धडक बसली तर त्या बाकाच्या आणि ट्रकच्या मध्ये फक्त मागचा दरवाजा असतो.

२३/ बदल दक्षिणेकडून आला. किर्लोस्कर समूहासोबतच्या भागीदारीत टोयोटाने बंगळूरजवळ बिडदी येथे कारखाना काढला आणि २००० साली 'क्वालिस' आणली. ती मुळात इंडोनेशियातील 'किजांग'. तिथेही ती १९७७ मध्ये साध्या उपयोगी वाहनापासून सुरू होऊन कुटुंबाची गाडी बनली होती. दिसायला जुनाट, पण बंद न पडणारी. टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली.

२४/ त्याच वर्षी महिंद्रची बोलेरो आली, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. दोन्हींचे नाते नाशिकच्या कारखान्याशी. बोलेरो गावची राहिली, स्कॉर्पिओ प्रतिष्ठेची खूण झाली. एके काळी पांढऱ्या अ‍ॅम्बॅसेडरमध्ये दिसणारी सत्ता आता उंच बॉनेटमागे दिसू लागली. समोरासमोरचे बाक मात्र अशा गाड्यांत पुढेही टिकले. रूप नवे झाले, तरी शेवटची रांग जीपच्या काळातच बसलेली होती.

२५/ २००५ मध्ये क्वालिस बंद करून टोयोटाने इनोव्हा आणली. तिच्या तिसऱ्या रांगेचे तोंड पुढे होते. ही साधी वाटणारी गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने मोठी. बाकाचे आसन झाले. शेवटच्या रांगेतील माणसालाही रस्ता समोर दिसू लागला, पाठ टेकता आली, पट्टा लावता आला. सात म्हणजे सात, आठ म्हणजे आठ. 'सरकून घ्या' म्हणायला जागा उरली नाही.

२६/ पुढचे पाऊल सांगाड्याचे. २०११ मध्ये चाकणच्या कारखान्यातून एक्सयूव्ही ५०० आली, २०१२ मध्ये मारुतीची अर्टिगा. या गाड्यांत ट्रकसारखी वेगळी चासी नाही. शरीर हाच सांगाडा, त्याला मोनोकॉक म्हणतात. गाडी हलकी झाली, वळणावरचे झुलणे कमी झाले, चालवणे मोटारीसारखे झाले. १९३५ मध्ये ट्रकच्या पाठीवर बसलेले कुटुंब इथे पहिल्यांदा खाली उतरले.

२७/ सरकारची मोजपट्टीही बदलली. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हींवरील उत्पादन शुल्क २७ वरून ३० टक्के झाले. निकष तीन : लांबी ४,००० मि.मी.हून अधिक, इंजिन १,५०० सी.सी.हून मोठे, जमिनीपासून उंची किमान १७० मि.मी. टॅक्सीसाठीच्या गाड्यांना वाढीतून सूट होती. डिसेंबर २०२२ मध्ये जीएसटी परिषदेनेही याच मापांचा आधार घेतला. कायदा आसने मोजतो, कर मिलिमीटर मोजतो.

२८/ ही गाडी चालवणाऱ्याला मात्र वजन मोजावे लागते. चालक एकटा असताना आणि सातही आसने भरलेली असताना गाडी एकच राहत नाही. थांबायला अंतर जास्त लागते, मागचा भाग दबतो, टायरमधील हवा पूर्ण भारासाठी वेगळी ठेवावी लागते. तिसरी रांग उघडली की डिकी जवळजवळ नाहीशी होते. मग बॅगा टपावरच्या कॅरिअरवर चढतात आणि गाडीचा गुरुत्वमध्यही त्यांच्याबरोबर वर चढतो.

२९/ म्हणूनच जुने चालक घाटाबद्दल एक नियम सांगत आले : ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर इंजिनाने गाडी रोखायची, केवळ ब्रेकवर विसंबायचे नाही. न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचवणारे ब्रेक तापवत. वरंधा असो वा आंबेनळी, भरलेल्या गाडीचे घाटातील शहाणपण हे ट्रकचालकांकडून वडापवाल्यांकडे आणि त्यांच्याकडून घरच्या चालकाकडे आलेले आहे.

३०/ २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात दोन नव्या तरतुदी आल्या. आसनांपेक्षा जास्त प्रवासी नेल्यास प्रत्येक जादा माणसामागे दंड. पट्टा न लावल्यास एक हजार रुपये, आणि चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसल्यासही तेवढाच दंड. मांडीवरचे मूल न मोजण्याची जी रीत फियाटच्या काळापासून चालत आली, तिला कायद्याने इथे नाव घेऊन हात घातला.

३१/ त्याच वर्षी सुमोचे उत्पादन थांबले. पंचवीस वर्षांचा प्रवास संपला. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि पोलिसांनी सांगितल्यानुसार त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. ती गाडी सात आसनी नव्हती, पण मागे बसणाऱ्याच्या पट्ट्याबद्दल देशभर चर्चा पेटली ती त्या दिवसापासून.

३२/ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही अपघात-चाचणी सुरू झाली. तारे पाहून गाडी निवडणारा ग्राहक ही नवी गोष्ट आहे. तारे वाचताना एक ध्यानात ठेवावे. समोरून टक्करीच्या प्रयोगात प्रौढांच्या प्रतिकृती पुढच्या आसनांवर असतात. म्हणजे चाचणीच्या आकड्यांतही शेवटची रांग जवळजवळ रिकामीच असते. घरी मात्र तिथे कोणीतरी बसलेले असते.

३३/ जीपच्या बाकावर हवालदार बसला, वडापच्या बाकावर बाजारकरी, सुमोच्या बाकावर मूल. प्रत्येक काळात शेवटची जागा त्याला मिळाली, ज्याला जागा निवडण्याचा अधिकार नव्हता. आज त्या बाकाचे आसन झाले आहे, त्याला पाठ आहे, डोके टेकण्याची उशी आहे, पट्टा आहे. उरली आहे ती सवय : निघण्यापूर्वी मागे वळून सातवा पट्टा लागला का, हे पाहण्याची.

३४/ सात हा आकडा कायद्याने आखलेली सीमा होता. त्या सीमेच्या आत बसलेला प्रत्येक माणूस मोजला जावा, इतकी साधी गोष्ट घडायला जीपपासून आजपर्यंतचा काळ लागला. मागच्या बाकावरच्या भेंड्यांच्या आठवणी गोड आहेत आणि त्या गोडच राहाव्यात. त्यांच्यासोबत पट्ट्याचा 'खट्' असा आवाजही पुढच्या पिढीच्या आठवणीत असावा.

समाप्त.
#इतिहास #महाराष्ट्र #मोटारींचा_इतिहास